पाळी सात महिने बंद, नडगी दुखतेय आणि निवड चाचणी तोंडावर

पत्राचा सारांश (नावगाव गाळून):

"माझी मुलगी १६ वर्षांची, अकरावीत आहे. १५०० आणि ३००० मीटर पळते. आठवड्यातले सहा दिवस पहाटे साडेपाचला मैदानावर असते, रोज साधारण दहा किलोमीटर होतात. तेराव्या वर्षी पाळी सुरू झाली, पुढे नियमित होती. गेले सात महिने आलेलीच नाही. वर्षभरात वजन ४७ वरून ४३ किलोवर आलंय, उंची १५८ सेंटिमीटर. प्रशिक्षक म्हणतात, कसून सराव करणाऱ्या मुलींचं असं होतंच, अजून दोन किलो उतरले तर वेळ सुधारेल. सोनोग्राफीत 'पीसीओडी' आलं म्हणून भात, गोड, तूप बंद केलं. तीन महिन्यांच्या हार्मोनच्या गोळ्या लिहून दिल्यात, त्या अजून सुरू केलेल्या नाहीत. जाऊबाई म्हणतात, लग्न झालं की सगळं मार्गी लागतं. त्यात दोन महिन्यांपासून उजवी नडगी दुखतेय. एक्स-रे साफ आहे. हाडांसाठी म्हणून मी कॅल्शियमची गोळी चालू केली. सहा आठवड्यांनी राज्य स्पर्धेची निवड चाचणी आहे. गोळ्या द्याव्यात का? पळणं बंद करायला सांगावं का? सांगितलं तर ती माझ्याशी बोलणार नाही."

ताई,

पत्रासोबत मुलीच्या तीन दिवसांच्या खाण्याचा कागद जोडलात हे फार चांगलं केलंत. निम्मं उत्तर त्या कागदातच आहे. पण आधी नडगी, कारण तिच्या बाबतीत थांबून चालणार नाही.

आजपासून पळणं बंद. कायमचं नाही, निदान होईपर्यंत. एक्स-रे साफ आला म्हणून हाड शाबूत आहे असं धरू नका. वारंवार ताणाने हाडाला जाणारी बारीक चीर, म्हणजे स्ट्रेस फ्रॅक्चर, पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेत सहसा दिसत नाही आणि कित्येकदा पुढेही दिसत नाही. त्यासाठी एमआरआय लागतो. घरी एवढंच बघा: नडगीच्या कडेने वीतभर पट्ट्यात दुखतं आणि अंग गरम झालं की कमी होतं, की बोटाने दाबल्यावर एकाच ठिकाणी कळ येते, पळताना वाढते, रात्री अंथरुणातही ठसठसते? दुसरा प्रकार असेल तर अस्थिरोगतज्ज्ञांकडे जायला आठवडा लावू नका. पहिला असला तरी पाळी बंद असलेल्या मुलीत तपासणी टाळू नये. वेदनाशामक गोळी घेऊन सराव करू देऊ नका, कळ दबते आणि चीर वाढते. आणि जांघेत किंवा खुब्यात दुखायला लागलं तर त्या पायावर भार टाकणं त्याच क्षणी थांबवायचं. मांडीच्या हाडाच्या मानेला गेलेली चीर सरकली तर शस्त्रक्रियेपर्यंत जातं.

आता पाळीकडे येते. तुम्ही पाळी, वजन आणि नडगी असे तीन वेगळे प्रश्न विचारलेत. माझ्या मते हा एकच प्रश्न आहे, आणि त्याचं मूळ तिच्या ताटात आहे.

तुमच्या कागदावरून बेरीज केली. सकाळी चहा आणि दोन बिस्किटं, पळून आल्यावर एक ताटली पोहे, डब्यात दोन पोळ्या आणि भाजी, संध्याकाळी एक सफरचंद, रात्री एक ज्वारीची भाकरी, भाजी, थोडी आमटी आणि दोन अंड्यांचा फक्त पांढरा भाग. सढळ हाताने मोजलं तरी दिवसाला १२५० कॅलरीच्या आसपास जातं. धावायला दर किलो वजनामागे दर किलोमीटरला साधारण एक कॅलरी लागते, म्हणजे दहा किलोमीटरला ४३०. उरल्या ८२०. तिच्या ४३ किलोतली चरबी वजा केली तर अंदाजे ३६ किलो उरतात. या प्रत्येक किलोच्या वाट्याला दिवसाला २३ कॅलरी आल्या. त्यातच हृदय, मेंदू, उष्णता, वाढ, हाडं आणि पाळी सगळं भागवायचं. हा आकडा ४५ च्या आसपास असला की तरुण मुलीचं शरीर निवांत चालतं. ३० च्या खाली बराच काळ राहिला की ते काटकसर सुरू करतं. ३० ही काही काळ्या दगडावरची रेघ नाही, काही मुलींची पाळी त्याच्या वरही बिघडते. पण २३ म्हणजे उपासमार, मग मुलगी दिवसभर हसतखेळत का असेना.

ही काटकसर मेंदूत सुरू होते. तिथल्या हायपोथॅलॅमस नावाच्या भागातून तास-दीड तासाने एका संप्रेरकाचे ठोके पडतात. त्या ठोक्यांवर पिट्युटरी ग्रंथी चालते, तिच्या सांगण्यावरून बीजकोश इस्ट्रोजेन तयार करतात. ऊर्जा कमी पडली की हे ठोके मंदावतात, इस्ट्रोजेन घटतं, पाळी थांबते. गर्भाशय निरोगी, बीजकोश निरोगी, पण वरून हुकूमच येत नाही. सोबत थायरॉइडचं सक्रिय संप्रेरक घटतं, कॉर्टिसॉल वाढतं, आणि हाड बांधायला सांगणारं 'आयजीएफ-१' कमी होतं. सारखी थंडी वाजणं, पोट साफ न होणं, केस गळणं, चिडचिड, लागोपाठ सर्दी, यातलं काही तिच्यात दिसतंय का ते आठवून पाहा.

हाडांचं नुकसान इथे दुहेरी होतं. जुनं हाड खाणाऱ्या पेशींना इस्ट्रोजेन आवर घालतं, तो आवर सुटतो. आणि नवं हाड बांधणारं 'आयजीएफ-१' कमी असल्याने बांधकामही रखडतं. हे घडतंय तेही नेमक्या कोणत्या वयात? मुलींच्या हाडात खनिज सर्वांत वेगाने भरतं ते साडेबाराव्या वर्षाच्या आगेमागे. त्या दोनेक वर्षांत प्रौढपणीच्या एकूण साठ्याचा सुमारे चौथा हिस्सा जमा होतो आणि अठरापर्यंत साधारण ९० टक्के साठा पुरा होतो. तुमची मुलगी या भरणीच्या शेवटच्या टप्प्यात आहे. या दोन वर्षांत जे राहील ते तिशीत सगळंच्या सगळं भरून निघेल याची खात्री नसते. म्हणून मी "बघू अजून दोन महिने" असं म्हणत नाही.

प्रशिक्षकांचं "असं होतंच" हे वाक्य अर्धं खरं आहे. लांब पल्ल्याच्या धावपटू मुलींमध्ये हे खूपदा दिसतं. पण खूप जणींना होतं म्हणून ते निरोगी ठरत नाही. कमी ऊर्जा, बंद पाळी आणि कमजोर हाडं या तिकडीला अमेरिकेतल्या क्रीडावैद्यक तज्ज्ञांनी १९९२ साली 'फीमेल अ‍ॅथलीट ट्रायड' असं नाव दिलं. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने व्याख्या रुंदावली आणि 'रेड-एस' (खेळाडूच्या शरीराला खर्चाच्या मानाने ऊर्जा कमी पडणं) हे नाव आणलं. पाळी नियमित झालेल्या मुलीची सलग तीन महिने चुकली की तपासणी करायची, हा डॉक्टरांचा साधा नियम आहे. तुमच्याकडे सात झाले.

वजन उतरवल्यावर सुरुवातीला वेळ सुधारतोही, आणि तिथेच सगळे फसतात. काही महिन्यांनी आजारपण, थकवा आणि दुखापती सुरू होतात आणि हंगामच हातचा जातो. 'बीएमआय'वरही, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणाऱ्या आकड्यावरही, विसंबू नका. तिचा १७ च्या जरासा वर आहे, सोळा वर्षांच्या मुलींच्या तक्त्यात तो धोक्याच्या रेषेच्या वर बसेल आणि कुणीतरी "वजन ठीक आहे" म्हणेल. वाढीच्या वयात चार किलो उतरणं हीच खूण पुरेशी आहे. उलट काही मुलींचं वजन जराही हलत नाही आणि तरी पाळी थांबते, कारण शरीर खर्च आवळून काटा जागेवर ठेवतं.

'पीसीओडी'बद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण ही गफलत घरोघरी चालू आहे. किशोरवयात बीजकोशात बरीच लहान लहान बीजपुटं दिसणं नैसर्गिक आहे. म्हणूनच या आजारावरच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात की पहिल्या पाळीनंतर आठ वर्षांपर्यंत सोनोग्राफीवरून हे निदान करू नये. तुमच्या मुलीच्या बाबतीत म्हणजे एकविसाव्या वर्षापर्यंत. खरं पीसीओडी (डॉक्टरी भाषेत पीसीओएस) असेल तर पाळी अनियमित असण्यासोबत पुरुषी संप्रेरकं वाढल्याच्या खुणा हव्यात: हनुवटीवर, छातीवर जाड केस, हट्टी मुरमं, किंवा रक्तात टेस्टोस्टेरॉन वाढलेलं. तुम्ही यातलं काहीच लिहिलेलं नाही. सोनोग्राफीचा कागद काढा आणि 'एन्डोमेट्रियम' लिहिलेली ओळ शोधा. तिथे गर्भाशयाच्या अस्तराची जाडी मिलिमीटरमध्ये असते. चार किंवा त्याहून कमी असेल तर अस्तर वाढवायला पुरेसं इस्ट्रोजेनच नाही, हा संशय बळावतो.

हा भेद इतका महत्त्वाचा आहे, कारण उपचार परस्परांच्या विरुद्ध दिशेने जातात. वजन जास्त असलेल्या पीसीओएसच्या मुलीला खाण्याला शिस्त आणि जास्त हालचाल सांगतात. तुमच्या मुलीला तेच सांगितलं आणि भात-तूप बंद झालं. आगीत तेल ओतलं गेलं. त्यात तुमची चूक नाही. निदान ज्या नावाने हातात आलं, त्या नावाचा उपाय तुम्ही केलात.

हार्मोनच्या गोळ्यांबद्दल माझं मत: पाळी आणण्यासाठी म्हणून सुरू करू नका. लिहून देणाऱ्या डॉक्टरांकडे परत जा आणि विचारा, "हिचं कमी खाणं, उतरलेलं वजन आणि सराव धरून पाहिलं तर हे हायपोथॅलॅमसमुळे असू शकतं का?" त्या गोळ्या घेतल्या की महिन्याच्या महिन्याला रक्तस्राव होईल, पण तो गोळी थांबवल्याचा स्राव असतो. आडात नाही ते पोहऱ्यात आणल्याचा नुसता भास होतो. सगळ्यांना हायसं वाटतं, ताट तसंच राहतं आणि पाळी खरोखर परतली का हे कळायची एकुलती एक खूण झाकली जाते. हाडांनाही फायदा होत नाही. तोंडावाटे घेतलेलं इस्ट्रोजेन आधी यकृतातून जातं आणि तिथे 'आयजीएफ-१' आणखी खाली आणतं. या अवस्थेवरच्या २०१७ च्या एन्डोक्राइन सोसायटी या हार्मोनतज्ज्ञांच्या संघटनेच्या सूचनाही पाळी आणायला किंवा हाडं वाचवायला या गोळ्या देऊ नका, असंच सांगतात. खाणं आणि सराव सुधारूनही सहा ते बारा महिन्यांत पाळी आली नाही, तर त्वचेवर लावायचा इस्ट्रोजेनचा पॅच आणि दर महिन्याला काही दिवस प्रोजेस्टेरॉन, असा मार्ग हार्मोनतज्ज्ञ विचारात घेतात. तो यकृताला वळसा घालून जातो. ही पुढची पायरी आहे. आजची नाही.

एक अपवाद ध्यानात ठेवा. पाच-दहा दिवसांची नुसती प्रोजेस्टेरॉनची गोळी दिली असेल तर ती बहुधा चाचणी असते. ती संपल्यावर स्राव झाला नाही, तर इस्ट्रोजेन कमी असल्याचा आणखी एक पुरावा मिळतो.

तपासण्यांची यादी डॉक्टर ठरवतील, पण तुम्हाला ठाऊक असावी: टीएसएच, प्रोलॅक्टिन, एफएसएच, एलएच, इस्ट्राडिओल, टेस्टोस्टेरॉन, हिमोग्राम आणि फेरिटिन, कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी. गव्हाने पोट बिघडण्याची, सतत जुलाबाची तक्रार असेल तर सिलिॲकची रक्तचाचणी. पाळी थांबलेल्या प्रत्येक मुलीची गर्भचाचणीही करतात. तो नियम आहे, संशय नाही, म्हणून रागावू नका आणि मुलीलाही आधी सांगून ठेवा. डोकेदुखीसोबत नजर अंधुक होणं, स्तनातून दूध येणं, आवाज घोगरा होणं असं काही असेल तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी ते त्यांना सांगा.

हाडांची घनता मोजायची डेक्सा तपासणी सरसकट सगळ्या मुलींना लागत नाही. तुमच्या मुलीला लागते, कारण पाळी सहा महिन्यांहून जास्त बंद आहे आणि चिरेचा संशय आहे. किरणोत्सर्ग अगदी नगण्य असतो. दोन गोष्टी मात्र सांगून करून घ्या. कमरेचे मणके आणि डोकं वगळून पूर्ण शरीर, असं मोजायला सांगा. आणि अहवालात झेड-स्कोअर मागा. बऱ्याच ठिकाणी मोठ्यांच्या सवयीने टी-स्कोअर छापून देतात. त्यात सोळा वर्षांच्या मुलीची तुलना तिशीच्या बाईशी होते आणि उगाच 'ऑस्टिओपोरोसिस' छापून येतं. झेड-स्कोअर तिच्याच वयाच्या मुलींशी तुलना करतो. उणे २ किंवा त्याखाली म्हणजे घनता वयाच्या मानाने कमी. पळणाऱ्या मुलीत उणे १ च्या खाली गेला तरी लक्ष घालतात, कारण पायांवर भार घेणाऱ्या खेळाडूची हाडं इतरांपेक्षा सरस असायला हवीत. उंची फार कमी असेल तर आकडा उंचीनुसार दुरुस्त करावा लागतो. पुढची तपासणी वर्षाने करा, त्याआधी फारसा फरक दिसत नाही. आणि मोठ्या बायकांना देतात ती हाडांची औषधं या वयात कुणी सहज लिहून दिली, तर हार्मोनतज्ज्ञांचं मत घेतल्याशिवाय घेऊ नका.

कॅल्शियमची गोळी चालू केलीत, ती आईची माया आहे. पण सिमेंट आणून टाकलं आणि गवंडीच कामावर नाही, अशी अवस्था आहे. ऊर्जा आणि इस्ट्रोजेन परतल्याशिवाय नुसतं कॅल्शियम हाडात बसत नाही. गरज मात्र खरी आहे: १६ ते १८ वर्षांच्या मुलींना दिवसाला १०५० मिलिग्रॅम (आयसीएमआर-एनआयएन, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि तिची राष्ट्रीय पोषण संस्था, २०२०). ताटातून ते असं जमतं. २०० मिलिलिटरचे दोन पेले दूध ४८० च्या आसपास. वाटीभर दही १८०. पन्नास ग्रॅम पिठाची नाचणीची भाकरी १७५. चमचाभर, म्हणजे दहा ग्रॅम, न सोललेल्या तिळाची चटणी शंभर-सव्वाशे. उरलेलं डाळी, कुळीथ, शेवग्याच्या पाल्याची भाजी यातून. घरी मासे चालत असतील तर काट्यासकट खायची मांदेली उत्तम. तिळात आणि पालकात ऑक्झलेट असल्यामुळे त्यातलं कॅल्शियम सगळं अंगी लागत नाही, म्हणून नुसत्या तिळावर भिस्त ठेवू नका आणि पालक तर या हिशोबात धरूच नका. इतकं जमलं तर गोळी लागत नाही. घ्यावीच लागली तर एका वेळी ५०० मिलिग्रॅमच्या वर नको, कार्बोनेट असेल तर जेवणासोबत, आणि लोहाच्या गोळीपासून दोन तास लांब. चहाही लोहाच्या गोळीपासून लांबच ठेवा.

ड जीवनसत्त्वाचं बोलायचं तर पहाटे साडेपाच ते सातच्या उन्हात ते बनत नाही. साधारण दहा ते तीनमध्ये, आपली सावली आपल्याहून आखूड पडते त्या वेळी, हातपाय उघडे ठेवून अर्धा तास लागतो, सावळ्या त्वचेला थोडा जास्तच. रक्तात कमी निघालं तर डॉक्टर ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडे देतात. इथे दोन चुका सर्रास होतात. कुणी आठवड्याची पुडी रोज घेतं, कुणी सहा-आठ आठवड्यांनी थांबायचं ते वर्षभर घेत राहतं. मग रक्तातलं कॅल्शियम वाढून उलट्या, मळमळ, मुतखडा अशी भर पडते. पुड्यांची संख्या पाकिटावर लिहून ठेवा.

आता ताट. आधी पोटोबा, मग विठोबा, आणि मग मैदान. तिच्या आकड्याप्रमाणे ४५ गुणिले ३६ म्हणजे १६२०, अधिक धावण्याचे ४३०: कमीत कमी २०५०. (याच वयाच्या ५५-५६ किलोच्या मुलीसाठी आयसीएमआर २५०० धरते, म्हणजे हे काही राक्षसी खाणं नव्हे.) सध्या पळणं थांबलंय म्हणून आकडा खाली आणू नका. चीर भरून यायला आणि राहिलेली वाढ पुरी व्हायला तेवढंच लागतं. "पळत नाहीयेस तर कमी खा" हे वाक्य घरात कुणी उच्चारू नये.

८०० ची तूट एका दिवसात भरू नका. पोट मंदावलेलं असतं, गच्च होतं, मुलगी घाबरून हात आखडते. पहिल्या आठवड्यात ३०० वाढवा. सर्वांत फायद्याची जागा सकाळची, कारण रात्रीच्या जेवणापासून पोह्यांपर्यंत जवळजवळ बारा तास ती रिकाम्या पोटी असते आणि त्यातच पळते. दिवसभराची बेरीज बरोबर असली तरी असे लांब खड्डे संप्रेरकांना झेपत नाहीत. म्हणून उठल्यावर एक केळं आणि दोन खजूर, किंवा छोटा शेंगदाण्याचा लाडू: दीडशे कॅलरी. सध्या पोह्यांसोबत, आणि पुढे सराव सुरू झाला की परतल्यावर अर्ध्या-पाऊण तासात, साय न काढलेलं पेलाभर दूध आणि आख्खं उकडलेलं अंडं, बलकासकट: दोनशे. बलकात तिला हवी ती चरबी आणि थोडं ड जीवनसत्त्व असतं, तो फेकणं थांबवा. दुसऱ्या आठवड्यात डब्यातल्या दोन्ही पोळ्यांना चमचा चमचा तूप: नव्वद. मग संध्याकाळी सफरचंदाच्या जोडीला एक थालीपीठ आणि दही: अडीचशे. तिसऱ्या आठवड्यापर्यंत रात्री भाकरीनंतर वाटीभर वरण-भात, वर तूप: दोनशे. भात परत येऊ द्या.

सुरुवातीला पोट फुगतं, बद्धकोष्ठ होतं. तेव्हा वाडगाभर काकडी-गाजर आणि मोडाची कडधान्यं थोडी कमी करा, त्यांनी पोट भरतं पण ऊर्जा फारशी मिळत नाही. मऊ भात, गुरगुट्या खिचडी, नाचणीचं सत्त्व दुधातून, असं द्या. पहिल्या पंधरवड्यात वजन एकदम किलोभर वाढतं, त्यात बरंचसं पाणी असतं. वजनकाटा कपाटावर ठेवून द्या, वजन डॉक्टरांकडेच होऊ दे. सोमवार, चतुर्थी धरत असेल तर पाळी येईपर्यंत उपास सोडायला सांगा. घरात ते मानवणार नसेल तर त्या दिवशी दूध, राजगिऱ्याचे लाडू, दही, शेंगदाणे, केळी असा भरपूर फराळ, आणि सराव नाही.

किती दिवस लागतील? ऊर्जा आठवड्यांत सावरते, पाळीला महिने लागतात, हाडाला वर्षं. ज्या वजनाला पाळी गेली त्याच्या थोडं वर गेल्यावर ती परतते, असं बहुधा दिसतं.

पळण्याबद्दल तुम्ही "चालू की बंद" एवढेच दोन पर्याय धरलेत. तिसरा आहे. एमआरआयमध्ये चीर निघाली आणि ती नडगीच्या मागच्या-आतल्या बाजूला असेल तर साधारण चार ते आठ आठवडे पळणं नाही. पुढच्या पृष्ठभागावर असेल तर ती भरायला हट्टी असते, मुदत अस्थिरोगतज्ज्ञच सांगतील. दरम्यान दुखत नसेल तर पोहणं, सायकल, पण थोडंच, नाहीतर तिथेही ऊर्जा उडते. आठवडाभर चालताना अजिबात दुखलं नाही की एक दिवसाआड थोडं चालणं-थोडं पळणं. निवड चाचणी सहा आठवड्यांवर आहे. ती यंदा सोडावी लागेल, हे तुम्हाला आजच सांगितलेलं बरं. पुढे पळणं परत आणताना आठवड्यातून तीनदा दहा मिनिटं दोरीवरच्या उड्या किंवा लंगडी, आणि दोनदा वजनांचा व्यायाम जोडा. एकाच लयीत मैलोन् मैल पळण्याला हाड लवकर सरावतं. झटक्याच्या, दिशा बदलणाऱ्या थोड्या भाराला ते चांगला प्रतिसाद देतं.

प्रशिक्षकांशी भांडू नका. डॉक्टरांचं पत्र न्या आणि दोन गोष्टी मागा: वजनाचा विषय मैदानावर निघणार नाही, आणि पाळीची तारीख लॅपच्या वेळेसारखी वहीत लिहिली जाईल. दुसऱ्या गोष्टीला पुरुष प्रशिक्षक संकोचत असतील तर ती नोंद तुम्ही ठेवा.

जाऊबाईंना सांगा, लग्नाने पाळी येत नाही. खाण्याने येते.

आणि मुलगी. "पळणं बंद" इथून सुरुवात केलीत तर दार मिटेल. असं म्हणून पाहा: "तुझं शरीर पगाराशिवाय तुझ्यासाठी काम करतंय. मला तू दोन हंगाम नाही, दहा हंगाम पळायला हवी आहेस. आधी हाड बघू." मग उत्तर द्यायला वेळ द्या. बोलताना कान मात्र उघडे ठेवा. दिवसातून तीन-चारदा वजन करणं, घरच्यांसोबत जेवायला टाळणं, जेवल्यावर लगेच मोरीत जाणं, दार लावून चोरून व्यायाम करणं, दोन घास जास्त झाले की रडणं, असं दिसलं तर हा नुसता आहाराचा मामला राहत नाही. मानसोपचारतज्ज्ञ लवकर गाठा. जवळ कुणी नसेल तर सरकारच्या टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येतं. चक्कर येऊन पडणं, किंवा जागेपणी नाडी मिनिटाला ५० च्या खाली जाणं, याला "खेळाडूंची नाडी कमीच असते" म्हणून सोडू नका. वजन उतरलेल्या मुलीत त्याच दिवशी रुग्णालय.

ज्यांच्या मुली पळत नाहीत, दिवसभर क्लासमध्ये बसतात, त्यांनाही यातलं बरंच लागू आहे. तिथे भार नाही, ऊन नाही आणि दुधाच्या जागी चहा आहे. पहिल्या वर्ष-दोन वर्षांत पाळी २१ ते ४५ दिवसांच्या अंतराने पुढेमागे होते, ते चालतं. ९० दिवसांहून लांबली, पंधरा वर्षं पुरी झाली तरी सुरूच झाली नाही, किंवा तेरापर्यंत छातीची वाढच दिसली नाही, तर डॉक्टर गाठा. खाजगी खर्च झेपत नसेल तर ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात किशोरवयीनांसाठी 'मैत्री' क्लिनिक आहे का, ते विचारा.

ताई, भिंतीवरच्या कॅलेंडरवर आजची तारीख गोल करा, खाणं वाढवल्याचा पहिला दिवस म्हणून. पाळी परत येईल तेव्हा पहिल्या दोन-तीन वेळा ती एखाद्या दिवसाची, डागांपुरती, पुढेमागे अशी येईल. तेवढ्यावर ताट परत लहान करू नका आणि सरावही लगेच पूर्वीएवढा वाढवू नका. लागोपाठ तीन पाळ्या वेळेवर आल्या की तारखा घेऊन डॉक्टरांकडे जा आणि पुढच्या हंगामाचा सराव त्यांच्यासमोर बसून आखा.